लंडनच्या पोरांची शाब्बासकी

आमच्या गणिताच्या टीचरनी कुणाला शाब्बास म्हटलेलं अख्ख्या नंदाखाल गावाने ऐकलं नव्हतं. पैकीच्या पैकी मार्क पडले तरी पेपर देताना म्हणायच्या, "अक्षर बघ, कोंबडी नाचल्यासारखं!" चुकलं तर विचारूच नका. "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" तेही सगळ्या वर्गासमोर. त्यांच्या तोंडून एकदा तरी शाब्बास ऐकावं म्हणून दहावीला मी जीव तोडून गणितं सोडवली. मिळालं काय? "ठीक आहे."

पुढे मीही शिक्षिका झाले, त्यांच्याच शाळेत लागले, आणि टीचर लंडनला गेल्या. तिकडे म्हणे गणिताला शिक्षक मिळत नव्हते. पन्नाशीची बाई, साडी सोडून पँट आणि वर दोन स्वेटर!

सुट्टीवर आल्या की अंगणात बसून सांगायच्या. तिकडे पोरं उभी राहत नाहीत, च्युइंगम चघळत बोलतात. सुरुवातीलाच त्यांनी एका पोराला 'डोकं घरी ठेवून आलास का?' विचारलं, तर हेडबाईंनी बोलावून समजावलं, उत्तर चुकलं तरी आधी कौतुक करायचं. "मग काय! सात आठे चोपन्न म्हणाला तरी मी म्हणते, वा, छान प्रयत्न!"

सगळे हसले. माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं. पाढे न येणाऱ्या त्या ठोंब्यांना रोज शाब्बासकी, आणि आम्ही काय घोडं मारलं होतं? त्यात जाताना आगाशीची सुकेळी, ती उन्हात वाळवलेली गोड केळी, बांधून न्यायच्या, त्या पोरांना वाटायला. सुकेळीसुद्धा! जळले मी, खोटं कशाला बोलू?

एका सुट्टीत त्या माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. वर्तुळाचं प्रमेय मी एका दमात शिकवून टाकलं. तास संपल्यावर खांदे धरून म्हणाल्या, "वा! फारच छान!"

इतकी वर्षं वाट पाहिली ती ह्याची? मला रडूच आलं. "टीचर, हे तुमच्या त्या पोरांचं झालं. माझं सांगा ना."

त्यांनी दार लोटलं आणि सुटल्याच. "अर्धा फळा अंगाने झाकलास. मागची पोरगी पेंगत होती, दिसली नाही? आणि सगळं तूच सांगितलंस, पोरांनी विचार कशाचा करायचा?" मधली सुट्टी संपली तरी बोलणं चालूच. चेहरा असा खुलला होता! शेवटी दम खात म्हणाल्या, "बरं वाटलं गं. तिकडे मला कुणाला रागवायची सोय नाही."

आठवड्याभराने त्या परत गेल्या. वाटलं होतं, आता तरी माझी जळजळ थांबेल. कुठची थांबते! शेवटी टीचर रोज सकाळी त्या लंडनच्या पोरांच्याच वर्गात जाणार होत्या.