कलाबाईच्या घरचा दडबा

लोधीखेड्याच्या कोंडवाड्याची किल्ली गुणवंता डांगोरेच्या करगोट्याला बांधलेली असे. त्याच्याआधी ती बापाच्या कमरेला होती. कोणाचं मोकाट जनावर दुसऱ्याच्या कपाशीच्या पऱ्हाटीत शिरलं की गुणवंता ते हाकलत आणायचा, पाणी पाजायचा आणि धन्याची वाट पाहायचा. नुसत्या शिंगांवरून तो धनी ओळखायचा. माणसांच्या कारभारात मात्र त्याची मती चालत नसे.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांच्या हद्दी बदलल्या, तेव्हा तर ती पारच अडकली. त्याची बहीण सावनेरला दिलेली, मोटारीनं जवळचाच रस्ता. शाळेतले श्रीधर गुरुजी म्हणाले, "गुणवंता, तुझी बहीण मुंबई राज्यात गेली."

"अन् मी?"

"तू मध्य प्रदेशातच. फक्त राजधानी नागपूर नाही, भोपाळ."

बहीण चुलीपुढून उठली नव्हती, हा कोंडवाड्यातून हलला नव्हता. मग गेलं कोण? गुणवंतानं दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला.

पौषात गुरांची मोजणी आली. गावातलं दावं न् दावं ठाऊक म्हणून कागद भरायचं काम गुणवंताकडे आलं. कागद हिंदीत. त्याची हिंदी बैलबाजारातली, दात पाहण्यापुरती. गाय, भैंस, बकरी इथवर निभलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं 'दड़बा'.

गुरुजींनी डोकं खाजवलं. "दडणे, दडी मारणे... दडून बसायची जागा असेल."

"सरकारले दडायची जागा काऊन पाह्यजे, गुरुजी?"

"ते भोपाळले विचार!"

झालं. गुणवंता घरोघर विचारू लागला, "तुमच्याकडे दडायची जागा आहे का जी?" लोक दचकत, दारं लोटून घेत. कोणी म्हणे धान्य शोधून राहिले, कोणी म्हणे सोनं. सगळीकडे त्यानं 'नाही' लिहिलं.

कलाबाईच्या दारात त्यानं तोच प्रश्न केला. कलाबाई विधवा, माळकरीण, एकटी राहायची. ती नुसती गुरांच्या कोठ्याकडे पाहू लागली. तिथं म्हैस होती आणि वर माळ्यावर कडबा. तिची नजर पाहून गुणवंताच्या टाकानं शेवटच्या रकान्यात '१' लिहिलंसुद्धा. तेवढ्यात कडबा हलला आणि एक पोरगी खाली उतरली. कलाबाईची प्रेमलता. सावनेरला, त्याच्या बहिणीच्याच आळीत दिलेली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा.

"गुणवंतादादा, मले धाडू नका," ती म्हणाली. "तो मारून टाकीन मले."

"मी गुरं मोजून राहिलो, बाई," गुणवंता म्हणाला. कागद तसाच गुंडाळून तो पुढच्या घराकडे निघाला.

तीन दिवसांनी प्रेमलतेचा चुलत सासरा, केशवराव, थेट कोंडवाड्यावर आला. "आमची सून इकडं आली म्हनतात. तुमाले गावची खबर असते."

गुणवंताचं आयुष्य याच कामात गेलं होतं: धनी आला की ज्याचं त्याच्या हवाली करायचं. त्याची जीभ उचललीही. मग तो काळानिळा हात आठवला.

"इथं जनावरं येतात, जी. मानसं येत नाही."

केशवराव गेला. हे खोटं झालं का खरं, ते गुणवंताला कळेना. जेवण जाईना. बायको वच्छला म्हणाली, "अजी, बोलाल का काही?" त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं केलं."

आठव्या दिवशी मोजणीचे साहेब आले. पाटलाच्या ओसरीत कागद चाळता चाळता हसू लागले. "पूरे गाँव में एक ही दड़बा? और मुर्गियाँ तो हर आँगन में घूम रही हैं!"

"मुर्गी?" गुणवंता म्हणाला.

साहेबांनी हातानं छोटं छप्पर करून दाखवलं. "मुर्गी का घर!"

"खुराडं!" गुणवंता ओरडला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. सगळ्या गावात एकाच घरी खुराडं, तेही कोंबडीला शिवत नसलेल्या कलाबाईच्या!

"चाय पीकर वही देखेंगे," साहेब म्हणाले.

दारातच कोंबड्या दिसल्या नाहीत, तर साहेबांमागं सारा गाव कलाबाईच्या कोठ्यात शिरणार. गुणवंता मागच्या बोळानं घरी धावला. वच्छलेनं विचारलंही नाही. चार कोंबड्या आणि कोंबडा डालग्यात घातला, वर लुगडं टाकलं आणि तीही निघाली.

"माह्या दारात कोंबड्या? माळ आहे माह्या गळ्यात!" कलाबाई म्हणाली.

"काकू, घटकाभर," गुणवंता हात जोडून म्हणाला.

प्रेमलतेला माळ्यावर चढायला वेळच मिळाला नाही. कोंबडा सुटला, ती त्याच्यामागं पळाली आणि त्याला पोटाशी धरून उभी राहते तो साहेब, पाटील आणि निम्मा गाव अंगणात.

"ये कौन?" साहेबांनी विचारलं.

गुणवंतानं डोळे मिटले. कलाबाई पुढं झाली. "माही पोरगी. माह्याजवळच राहते आता." सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी मान हलवून कागदावर खूण केली. पाटलानं मात्र तो हात पाहिला. पुढच्या रविवारी केशवराव चार माणसं घेऊन आला, तेव्हा पाटलानंच त्यांना ओसरीत बसवलं आणि प्रेमलतेला पुढं बोलावलं. "मी सासरी जाची नाही," ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ते रिकाम्या हातानं परतले. सावनेरची बहीण वर्षभर गुणवंताशी बोलली नाही. तिला आळीत तोंड दाखवायची चोरी झाली होती. आपल्या पायी कोणाचं भलं झालं आणि कोणाचं वाईट, हा गुंता त्याला कधीच सुटला नाही.

कोंबड्या परत न्यायला वच्छला गेली, तर कलाबाईच म्हणाली, राहू दे, पोरीले करमते. प्रेमलता पुढं मोहगावच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या कामाला लागली. गुणवंताच्या नातवाला तिनंच पहिली आंघोळ घातली.