ड्रिफ्ट आणि दोन खुणा

“बोल रोझलिन. एक तरी वाक्य बोल बाई!”

दुपारचे तीन, खाडीवरून वारा येतोय, पंखा संथ फिरतोय. मलाच पेंग येत होती. जेसल पार्कला मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, वीस वर्षं झाली. रोझलिन उत्तनच्या कोळीवाड्यातली, नर्स. कामाला चोख, पण इंग्रजीत प्रश्न आला की दातखीळ बसायची. परदेशातल्या हॉस्पिटलच्या इंटरव्ह्यूत एकदा नापास झालेली. शनिवारी दुसरा होता, आणि तिसऱ्यांदा ते बोलावत नाहीत.

मी बोर्डावर ‘ड्रिफ्ट’ लिहिलं. शब्द मूळचा दर्यावरचा. होडी प्रवाहाबरोबर आपोआप वाहत जाते, तो ड्रिफ्ट. पण इंग्रजीत तो घरीदारी चालतो. हळूहळू डोळा लागला तरी ड्रिफ्ट. दोन मैत्रिणी भांडण न होता दुरावल्या तरी ड्रिफ्ट. बोलण्याचा रोख, तोही ड्रिफ्टच. मग मी झोकात होडी काढली, खाली लाटा, पुढे बाण.

रोझलिन खुदकन हसली. “तशी न्हाय टीचर.”

“म्हणजे? वीस वर्षं हेच चित्र काढतेय मी!”

“होडी सरकते ते कळतच न्हाय.”

“इंग्लिशमध्ये सांग,” मी आपलं सवयीने म्हटलं.

आणि ती सांगायला लागली! खिडकीबाहेर बघत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण न थांबता. इंजिन बंद केलं की पाणीही चालतं, होडीही त्याच वेगाने चालते, म्हणून सगळं थांबल्यासारखं वाटतं. लहानपणी ती हट्टाने पप्पांच्या मासेमारीच्या होडीत बसायची. पप्पा सांगायचे, पाण्याकडे बघू नकोस, किनाऱ्याकडे बघ. चर्चचा मनोरा आणि मागच्या टेकडीवरचा ताड एका रेषेत दिसले, तर आपण जागेवर. दोघांत फट पडली, की आपण वाहत चाललोय.

मी मार्कर हातात धरून नुसती ऐकत राहिले. मनोरा, ताड, मधली फट, सगळं मला त्या खोलीत दिसत होतं. ती थांबली तेव्हा सात मिनिटं झाली होती.

“अगं, बोललीस की!”

“खरंच, टीचर?” तिने तोंडावर हात ठेवला. डोळे भरले होते.

शनिवारी त्यांनी विचारलं, घरापासून लांब एकटी कशी राहशील? तिने मनोरा आणि ताड सांगितला, वाहवत जाऊ नये म्हणून नजर कशावर ठेवायची ते. झाली सिलेक्ट.

परवा परदेशातून तिचा व्हिडिओ कॉल आला.

“करमतंय का गं?”

“इथं पण दोन खुणा धरल्यात, टीचर. पाण्याची टाकी आणि मागचं एक झाड. रस्त्यात थांबते, दोन्ही एका रेषेत आली की मग ड्युटीवर जाते.”

फोन ठेवल्यावर मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

विद्यार्थी गप्प बसला की आम्ही शिकवणारे समजतो, याला भाषा येत नाही. पुष्कळदा त्याला ठाऊक असलेलं काही आपण विचारलेलंच नसतं. ती होडी मी आता काढत नाही. दोन उभ्या रेघा काढते, आणि विचारते, तुझ्या दोन खुणा कोणत्या?