बिनजातीच्या देशाची भाषा

बोलताना कुणी मधे तोंड घातलं की ताई उजव्या हाताचं एक बोट वर करायची आणि म्हणायची, "थांब. वाक्य पुरं होऊ दे."

मला ते बोट रोज दिसायचं. मी पत्रकांत वाढलेला माणूस. वडील चळवळीची पत्रकं वाटायचे. मी ती लिहितो आणि पांढुर्ण्याच्या एका छपाईच्या दुकानात छापतोही. अशा माणसाला दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत दम निघत नाही. ताई दुकानासमोरच्या खासगी दवाखान्यात नर्स होती आणि आमच्याच गल्लीत, विहाराच्या मागे, खोली करून राहायची. ही सवय आपल्याला जपानी भाषेनं लावली असं तिचं म्हणणं. त्या भाषेत हो की नाही हे अगदी शेवटी कळतं. मी म्हणालो, मराठीतही तसंच आहे की. ती म्हणाली, "हाय ना. पण तू कुठं ऐकते."

दुपारी डब्याच्या वेळेला ती फोन सलाइनच्या बाटलीला टेकवून ठेवायची. त्यात हिंदीतून जपानी व्याकरण शिकवणारी एक बाई होती. नेट अडकलं की बाईचं तोंड उघडंच राहायचं, आणि तेवढ्या वेळात ताई मागचं वाक्य घोकून घ्यायची. वॉर्डातले पेशंटही कान देऊन ऐकत. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका शेतकऱ्यानं सुटी होताना कमरेत वाकून 'अरिगातो' म्हणत तिचे आभार मानले, तेव्हा डॉक्टर दोघांवरही ओरडले होते.

एकदा ती भर दुपारी रस्ता ओलांडून दुकानात आली. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलंबिलं. ती म्हणाली, "ताबेते इरु. माहीत हाय का काय होते? खाऊन राहिलो! जसंच्या तसं. खाऊन आणि राहणं." शाळेत 'करून राहिलो' म्हटलं की मास्तर छडी मारायचे, हे अशुद्ध आहे म्हणायचे. तुम्हीही या भागात शिकला असाल तर तुम्हीही ती खाल्ली असेल. ताई म्हणाली, आता मास्तर भेटले पाहिजेत, एक अख्खा देश अशुद्ध बोलून राहिला म्हणून सांगायचं आहे.

पण ही भाषा ती हौसेनं शिकत नव्हती. वॉर्डात एक म्हातारी होती, चांगल्या बागायतदार घरातली. ताईनं तिचं सगळं केलं. अंघोळ घातली, भांडं दिलं, अंथरूण बदललं. सुटीच्या आदल्या दिवशी म्हातारीनं मायेनं तिचं आडनाव विचारलं, आणि त्यानंतर पाणी मात्र दुसऱ्या सिस्टरच्या हातून मागितलं. ताई हे हसत हसत सांगायची. "हगणं-मुतणं माझ्या हातचं चालते, पाणी नाई चालत." हसून झालं की पुढे म्हणायची, तिकडं जपानात म्हातारे लय आहेत आणि आडनाव कोणी विचारत नाही. बुद्धाचा देश आहे तो.

आम्हा सगळ्यांचा हाच समज. माझ्या लहानपणापासूनच्या पत्रकांत ठळक अक्षरांत तेच होतं: जिथं बुद्ध, तिथं जात नाही. ताई जपानीची परीक्षा पास झाली, तिकडच्या वृद्धाश्रमात काम ठरलं, तेव्हा विहारात सत्काराचा कार्यक्रम ठेवला. बॅनर मी केला. वर निळ्या अक्षरांत लिहिलं, 'आपली लेक निघाली बिनजातीच्या देशाला'.

बॅनर वाळत होता तेव्हा ती आली. या वेळी फोन तिनं माझ्यासमोर, शाईच्या डब्याला टेकवून ठेवला. आता ती जपान्यांनीच केलेले धडे पाहायची, सावकाश बोललेले. पडद्यावर एक म्हातारा होता. तो बोलत होता आणि ताई एकेक वाक्य मराठीत सांगत होती. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या घरच्यांनी त्याच्या वस्तीचा पत्ता शोधून काढला. लग्न मोडलं.

मी विचारलं, पत्त्यानं काय होतं?

"पत्त्यानं कळते ना कोणाचा हाय तो. मेलेली जनावरं उचलणाऱ्याची वस्ती, चामडं कमावणाऱ्याची वस्ती. तोंडावर दिसत नाई, नावात दिसत नाई, म्हणून पत्ता पाहते." हा भेद मोडायचा कायदा कधीचाच झाला आहे, ती म्हणाली, पुष्कळ बदललं आहे, पण लग्नाच्या वेळी अजून चोरून पाहणारे आहेत.

मी उभ्या जागी गार पडलो. मग तापलो. हे खोटं आहे, बौद्धांना बदनाम करायला कोणीतरी बनवलं आहे, तुझं व्याकरण चुकलं असेल, असं काय काय बोलत सुटलो. तिनं बोट वर केलं.

"थांब. वाक्य पुरं होऊ दे. मलेबी वाटलं मीच चुकून राहिली. पुन्हा पुन्हा ऐकलं. तिकडं माणूस मेला की विहारात त्याले नवं नाव देते, थडग्यावर कोरते. या लोकाइले मुद्दाम हलकं नाव देत होते. जनावराचं. बुद्धाच्या विहारात, भाऊ."

मशीनवाला मशीन बंद करून आमच्याकडे बघत होता. मला आठवतं, माझा हात बॅनरच्या ओल्या अक्षरांवर टेकला होता आणि तळवा निळा झाला होता.

ती म्हणाली, ती ओळ काढ. मी नाही म्हणालो. जन्मभर पत्रकांत खरं लिहा म्हणून भांडणारा मी, नाही म्हणालो. लोक काय घेऊन जगतील, मी म्हणालो. तुझे बाबा समोर बसणार आहेत. विहाराच्या कमिटीतले काकाही तेच म्हणाले: बाई, कार्यक्रम होऊ दे, नंतर सांग. तिनं दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ओळ काढायला लावली.

कार्यक्रमाला तिचे बाबा सौंसरजवळच्या बोरगावहून आले होते. संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करणारा माणूस, पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. वंदना झाली, हार झाले. ताई माइकपुढे उभी राहिली आणि तिनं म्हाताऱ्याच्या लग्नापासून थडग्यावरच्या नावापर्यंत सगळं सांगितलं. मागे एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. कोणीतरी उठून बाहेर गेलं. काका बुद्धाच्या मूर्तीकडे पाहत होते, जणू तिलाच विचारत होते.

मग बाबा उठले. माइक नव्हता, तरी ऐकू आलं.

"काय काम करत होते म्हणते ते लोकं?"

"मेलेली जनावरं उचलाचं, बाबा. चामड्याचं."

"आमचा बापबी तेच करत होता." त्यांनी विचारलं, "मंग तू जाऊन राहिली का नाई?"

सगळ्यांना ऐकायचं होतं ते हेच होतं. ताई माइकसमोरून बाजूला झाली.

"तुमीच सांगा, बाबा."

"जाय माय. आपले लोकं तिथंबी हाय, हे मालूमच नव्हतं. त्याइले आमचा जय भीम सांगजो."

ती गेली. पांढुर्ण्याच्या फलाटावर गाडीच्या दारात उभी राहून ती आम्हाला जपानी पद्धतीनं वाकली, आणि मागून चढणारा माणूस म्हणाला, बाई, आधी डब्यात तर चढू द्या.

दवाखान्यात आता दुसरी सिस्टर आहे. मी अजून सावरलेलो नाही. पत्रक लिहायला बसलो की 'जिथं बुद्ध' इथवर येऊन पेन थांबतं.

मध्यंतरी तिनं एक फोटो पाठवला. शेवाळलेलं थडगं, आणि शेजारी नवा दगड. जुनं हलकं नाव वस्तीतल्या लोकांनी भांडून बदलवून घेतलं, नवं कोरलं, असं तिनं लिहिलं होतं. बाबांचा निरोप तिनं त्या लोकांना मराठीतच सांगितला, कारण त्याला जपानी शब्द सापडला नाही. नव्या दगडापुढे एक संत्रं ठेवलं होतं.

मी बोरगावला जाऊन बाबांना फोटो दाखवला. त्यांना दगड दिसला, अक्षरं दिसली. मग त्यांनी फोन डोळ्यांशी नेला आणि संत्र्याकडे किती तरी वेळ पाहिलं.

"तिकडचं हाय," ते म्हणाले. "पण देठ ठेवून तोडलं, आमी तोडतो तसं. नीट तोडलं कोनी तरी."