बोरी ते चुडावा: क्षयाच्या एका वाणाचा माग

परभणीला कोणी सहलीला जात नाही. मी गेले ती एका फिल्मवरच्या काळ्या पट्ट्यांमुळे.

साल त्र्याण्णव. मराठीत एम.ए. करून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोंदी टाइप करत होते. तिथे गावोगावच्या क्षयरुग्णांच्या थुंकीतले जिवाणू वाढवून त्यांची वाणं ओळखत. प्रत्येक वाणाची फिल्मवर उमटणारी पट्ट्यांची रांग वेगळी. एकाकडून दुसऱ्याला लागण झाली, तर दोघांची रांग सारखी. परभणी जिल्ह्यातल्या नमुन्यांत बहुतेक रांगा एकमेकींशी जुळत नव्हत्या. फक्त दोन जुळल्या. वंदना, बोरी. गोदावरी, चुडावा. गावं जिल्ह्याच्या दोन बाजूंना. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले. एकच वाण इतक्या लांब पसरलं म्हणजे लेख होतो.

"या दोघी कुठे भेटल्या, एवढंच शोधून या," ते म्हणाले.

तेव्हा पुण्याहून निघालेली एसटी सकाळी परभणीत सोडायची. आता थेट रेल्वेही आहे. उतरल्यावर स्टँडसमोर न्याहारी करा. हॉटेलवाला आत ओरडला, "बाईंला एक सुशीला!" मी दचकले. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेली बशी आली.

"नाव बाईचं हाय," तो म्हणाला, "पर भांडत न्हाई."

बोरी जिंतूरच्या रस्त्यावर आहे. रस्ता खड्ड्यांचा, दोन्हीकडे काळं रान, वेचणीला आलेला कापूस. बसमध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून जुंपली होती.

"नाव बदलून काय व्हतंय?" फेटेवाले एक म्हणाले.

"काय होत न्हाई तर मंग तुमी का अडवायलाव?" मागून एका तरुणाने विचारलं. फेटेवाले खिडकीबाहेर बघू लागले. मग माझ्याकडे वळले. कशाला निघालात? मी सांगितलं, क्षयाची वाणं शोधायला.

"रोगालाबी वाण? कापसावानी?"

"हो."

"मंग कुणाच्या रानातून कुणाच्या रानात आलं, तेबी कळतंय म्हणा."

कळतं, असं मी सांगितलं. मला तेव्हा तसं वाटत होतं.

बोरीत वंदनाचं घर लगेच सापडलं. ओट्यावर तिचे सासरे बसले होते. मांडीवर वर्षाची मुलगी, तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा. सासूबाईंनी पाणी दिलं.

"ती न्हाई इथं. माहेराला धाडली. बाळंतपणाला गेली अन् रोग घेऊन आली. आमच्या घराण्यात असलं काही न्हाई."

"माहेर कुठलं?"

"पूर्णेकडं. चुडावा."

मी वहीत चुडावा लिहून खाली रेघ मारली. दुवा सापडला. वंदना बाळंतपणाला चुडाव्याला गेली, तिथे तिला गोदावरी भेटली.

"आणि ही मुलगी?"

"ठिवून घेतली. अंगावरचं तोडलं. तिच्यापाशी ठिवून मारायचं का?"

सासरे खोकले. खोकताना पोरीला मांडीवरून खांद्यावर घेतलं.

"यांना काय होतंय?"

"ते विडीचं. पोराच्या लग्नाआधीपासून हाय. लेकराला त्यांचा लय लळा. त्यांच्याच कुशीत झोपतंय."

मी ते लिहिलं नाही. माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. सासूबाईंनी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवले आणि निघाले. त्या जेवणाची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी परभणीहून पॅसेंजरने चुडावा. वाटेत पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. सोबत काही खायला ठेवा. गोदावरीचं घर विचारलं. अंगणात एक तरुण बाई कापसातली पत्ती काढत होती. तीच गोदावरी. तिचा भाऊ बाज टाकू लागला.

मी म्हटलं, "मला वंदनाही भेटायला हवी. बोरीला दिलेली."

भाऊ बहिणीकडे बघायला लागला. ती हसली.

"बाई, वंदना मीच की. लग्नात तांदळात लिवलं व्हतं नाव. इथं मी गोदाच."

बोरीला तिची थुंकी घेतली तेव्हा कागदावर सासरचं नाव, नवऱ्याचं नाव. माहेरी पाठवल्यावर पुन्हा घेतली तेव्हा माहेरचं नाव, बापाचं नाव. वय दोन्हीकडे दुसऱ्यांनीच सांगितलेलं, म्हणून तेही जुळेना. आम्ही एका बाईच्या दोन बाया केल्या आणि रोगाला जिल्हाभर फिरवलं. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे पुण्यात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तिची औषधं नीट चालू होती. आता थुंकीत जंतू दिसत नाहीत, असं दवाखान्याने सांगितलं होतं. माहेरच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली होती. कोणाला काही नव्हतं.

"मंग मला लागला कुणाचा?" तिने विचारलं. तिचे हात थांबले. "मामंजी खोकतेत का अजून?"

"हो."

"लेकरू कुणापाशी निजतंय?"

मी सांगितलं. तिने मांडीवरचा कापूस तसाच खाली टाकला आणि चपला घातल्या.

रात्री परभणी गाठून भाऊ, ती आणि मी सकाळच्या बसने बोरीत पोचलो. ती घरात शिरली नाही. ओट्यासमोर उभी राहिली. जी सून सासऱ्यासमोर कधी मान वर करत नव्हती, ती माझ्याकडची नमुन्याची डबी पुढे करून थेट म्हणाली, "मामंजी, ह्या डबीत थुंका."

"वंदने, जीभ लय लांब झाली का तुझी?" सासूबाई कडाडल्या.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. त्याने डबी घेतली, तीत थुंकला, झाकण लावलं. मग पोरीला मांडीवरून उचलून सुनेच्या हातात दिलं. पोर रडायला लागली. ती आईला विसरली होती.

मी डबी परभणीला नेली. तिथे साध्या सूक्ष्मदर्शकातच जंतू दिसले. निकाल सांगायला परत गेले, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लावला का शेवटी ह्यांनाबी तिनं!"

"खोकला लग्नाआधीपासूनचा आहे. तुम्हीच म्हणालात."

"आमी? कधी?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते विडी विझवत होते.

पुढे पुण्यात त्यांच्या जिवाणूंची फिल्म आली. रांग सुनेच्या रांगेसारखीच. पण रांग सारखी असली तरी कोणाकडून कोणाला, हे ती सांगत नाही. बसमधल्या त्या माणसाला मी चुकीचं सांगितलं होतं. लागणीची दिशा आमच्याकडे नोंदीच्या तारखेवरून ठरवत. ज्याचं नाव आधी, तो मूळ रुग्ण. आधी सुनेचं होतं.

मी सरांना सासूचं बोलणं सांगितलं.

"ऐकीव आहे. पुरावा नव्हे."

"मग तिची तारीख कसा पुरावा? तिला तपासायला नेलं, म्हाताऱ्याला नेलं नाही, एवढंच."

"टाइप करा," ते म्हणाले. एका बाईच्या दोन बाया निघाल्यावर त्यांचा रस संपला होता.

चुडाव्याहून भावाचं पत्र आलं. पोर बरी आहे, आईला सोडत नाही. बोरीहून कोणी न्यायला आलं नाही. म्हातारा औषधाने सुधारतोय आणि सासरचे गावभर सांगतात, सुनेने माहेराहून रोग आणला.

आमचा कागदही तेच सांगतो. मूळ रुग्ण: वंदना ऊर्फ गोदावरी. तो मी टाइप केला.