बापट सरांचा बसलेला घसा

बापट सर पुण्याहून धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आले. माझी त्यांची खरी ओळख मात्र झाली ती त्यांच्या चित्रपट मंडळात. दर शनिवारी ते सभागृहात सिनेमा दाखवीत. मी इतिहास विभागात नवीनच शिकवू लागले होते. एका शनिवारी तामलवाडीहून माझे वडील, आबा, भेटायला आले, म्हणून त्यांनाही हौसेनं शेजारी बसवलं. आम्ही धनगर, आबांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आणि पडद्यावर नेमका मेंढपाळच आला. खांद्यावर घोंगडी, तोंडाचा आ, आणि जो तो त्याला टपली मारतोय. सभागृह खदखदून हसलं. सरही हसले. आबा मधेच उठले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मला बघून बी मान्सं आसंच हसत असतील व्हय गं?" माझा जीव तुटला.

सरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याबरोबर तामलवाडीला माफी मागायला आले. आणि अहो, काय सांगावं! दारातूनच हेल काढून, खर्जात म्हणतात, "राऽऽम राम पावनं! बरं हाय न्हवं जी?"

आबा उठून जवळ आले. मग काळजीनं म्हणाले, "सर, घसा बसलाय का तुमचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र घोंगडीवर टेकले आणि म्हणाले, "आबा, खेड्यातलं बोलणं मी सिनेमातच ऐकलंय. काल हसलो, तेही तिथंच शिकलो. चुकलं माझं." आबांनी त्यांना आग्रहानं जेवू घातलं. "तुमच्यावर राग न्हाय, पर त्या हॉलात पुन्यांदा बसवायचं न्हाय मला," असंही सांगितलं. सरांनी कधी गळ घातली नाही.

पुढं निवृत्त होईपर्यंत सिनेमा संपला की सर दिवे लावीत आणि विचारीत, "यातल्या माणसांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं आहे? ते खरंच असं वागतं का?" त्याआधी तामलवाडीतली स्वतःची फजिती रंगवून सांगत. विनोदी मोलकरीण, कंजूष दुकानदार, गुंडांची म्हणून दाखवलेली वस्ती, सगळ्यांवर वाद झडत. जळकोटची एक मुलगी एकदा तडकली, "सर, सिनेमातले मास्तर चक्रमच का असतात?" सर म्हणाले, "ते मात्र खरं आहे, बरं का!"

सरांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा त्याच सभागृहात आहे. परवा भीत भीतच आबांना सांगायला गेले. ते म्हणाले त्याहून वेगळ्या शुभेच्छा माझ्याकडे नाहीत.

"येनार की! सरांना म्हनावं, लई वर्सं जगा, खडखडीत ऱ्हावा. भाषनात घसा तेवढा सांभाळा. आन् म्या घोंगडी खांद्यावर घिऊनच येनार, पुढं बसनार. हसू दे कुणाला हसायचं ते."