जागेवाल्याने भाडेकरू सांभाळले

इथे लोक जे अनुभव टाकतात ते मी रोज जेवणानंतर वाचायचे, आणि खरं सांगते, हसायचे. इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात मी वर्षानुवर्षं नोकरी केली. "कारण कळत नाही" असं कुणी लिहून दिलं की आम्ही फाईल सरळ परत पाठवायचो. आता मीच तसं लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही हसा. फक्त "ताई, डॉक्टरला दाखवा" एवढं सांगू नका. दाखवून झालंय.

आमचा फ्लॅट भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या अंगाला जी जुनी चार मजली बिल्डिंग आहे तिथे. तिसरा मजला, वन बीएचके, लिफ्ट नाही. दार उघडलं की हॉल, आणि हॉलमधून नाकासमोर किचन. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं ते सगळं घालून त्यांनी तो घेतला. गावचं घर दादाला दिलं आणि हा फ्लॅट मला. मी राहते बोरिवलीला. म्हणजे भांडुपला जायचं तर लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस गेला म्हणून समजा... त्यामुळे फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं.

आता हे नीट वाचा, कारण पुढे सगळे मलाच शहाणपण शिकवणार आहेत. मी एकही गोष्ट सोडली नव्हती. अकरा महिन्यांचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती. सोसायटीची परवानगी. आधार कार्ड मी स्वतः तपासलं. आणि भाडेकरू कोण, तर सचिन आणि पूजा, नवीन लग्न झालेलं जोडपं, आपलीच मराठी माणसं, आल्या आल्या वाकून नमस्कार करणारी. मी मनात म्हटलं, झकास. आपल्यातले आहेत, घराला घर समजतील.

किल्ली देताना दादा म्हणाला, गाऱ्हाणं घालूक होया. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, जागेवाला. त्याला नारळ ठेवून जे काय मागायचं ते मोठ्याने मागायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हेच गाऱ्हाणं. बाबा दरवर्षी हे त्या किचनच्या कोपऱ्यात करायचे. मी त्यांना चिडवायचे, की बाबा, तिसऱ्या मजल्यावर कसला जागेवाला, तो काय जिन्याने चढून येतो? ते म्हणायचे, तुझ्यापेक्षा लवकर येतो.

दादाने नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाला. "बा जागेवाल्या म्हाराजा, आज तुझ्या घरात नवी माणसां इलीहत. कोण आसत, खंयची आसत, ता तू बघू नको. ह्या उंबऱ्याच्या आत जो कोण रवात तो तुझो. तेका सांभाळ. भायरच्याची वाकडी नजर तेंच्यार पडाक देव नको. काय ईडापीडा येयत ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. सचिन-पूजाला गंमत वाटली, त्यांनीही हसत हसत म्हटलं. मी घड्याळ बघत होते, मला ट्रॅफिकच्या आधी निघायचं होतं.

काही महिने सगळं ठीक चाललं. मग कदम वहिनींचा फोन आला. या आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात, त्यांचे मिस्टर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. वहिनी साताऱ्याच्या, बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "सुलभाताई, तुमच्या भाडेकरूचं काय चाललंय? चादरीत गुंडाळून सिलिंडर वर नेतोय आणि छोटे छोटे भरून खाली आणतोय. जिन्यात गॅसचा वास सुटलाय. उद्या काय झालं तर मी ह्यांना उचलून पळू का?"

मी त्याच दिवशी रजा टाकून गेले. जिन्यात वास होता, नाकात बसेल असा. दुसऱ्या मजल्यावर तर डोळे चुरचुरले. बेल वाजवली, पूजाने दार उघडलं, मी उंबरा ओलांडला... आणि वास बंद. कमी झाला नाही, बंद झाला. आत उदबत्तीचा वास, टीव्ही चालू. मी सरळ किचनमध्ये गेले. ओटा, शेगडी, खाली एक सिलिंडर, पाण्याचा पिंप. बाकी जमीन रिकामी, फरशी पुसलेली.

खिडकीचं ग्रिल बघायला म्हणून मी पुढे गेले आणि गुडघ्याला जोरात काहीतरी लागलं. लोखंडासारखं. ठण्ण असा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. खाली बघितलं तर नुसती फरशी. मी वळले तर दारात उभा सचिन पांढराफटक पडला होता. मी गुडघा चोळत म्हटलं, "काही नाही रे, धडपडले." हे ऐकून त्याच्या जिवात जीव आला. निघताना पायऱ्यांपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. उपकार विसरणार नाही."

भिंतीला खिळे ठोकले होते त्यांनी, मला वाटलं त्याबद्दल बोलतोय. घरी येऊन बघितलं तर गुडघा काळानिळा.

वहिनींचे फोन थांबेनात. सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, भाडं तुम्ही खाता, भाडेकरू तुम्ही बघा. पुढच्या आठवड्यात मी चौकीत जाऊन एका हवालदारांना हातापाया पडून घेऊन आले. भरदुपार होती. जिन्यात ते स्वतःच म्हणाले, "वास येतोय खरा." उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि म्हणाले, "कुठे काय आहे?"

मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते. त्या रिकाम्या किचनमध्ये ते सरळ चालले नाहीत. पोट आत घेऊन, भिंतीला घासत, तिरके तिरके गेले. गच्च भरलेल्या माळ्यावर माणूस चालतो ना, तसे. आणि बाहेर येऊन म्हणतात, "रिकामं आहे हो किचन. उगाच आमचा वेळ घेता." मी पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढला आणि तिथूनच कदम वहिनींना पाठवला. खाली लिहिलं, बघा, काही नाहीये. वहिनींनी उत्तर पाठवलं, दिसत तर नाहीये, पण माझं नाक काय मेलंय का?

हवालदार उतरून गेले. सचिन माझ्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर आता नुसते उपकार नव्हते, आदर होता. "मानलं ताई. साहेबांनाही सांभाळलंत? समोर एवढे सिलिंडर, वजनकाटा, आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही."

मी पुन्हा किचनकडे बघितलं. फरशी, पिंप, शेगडी. तो त्याच फरशीकडे बोट दाखवत होता आणि मला काही दिसत नव्हतं. ओरडायला हवं होतं, पण कशावर ओरडू? मी चपला घातल्या आणि निघाले.

घरी पोचल्यावर दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुलू, जागेवालो चुकूक नाय. मी सांगलंय तसाच तो वागता. आतल्याक सांभाळ म्हटलंय, भायरच्याची नजर नको म्हटलंय."

"अरे पण मी बाहेरची? घर माझं आहे!"

"तू खंय रवतंस थंय? आत रवता तो आतलो."

मला इतका राग आला ना... बाबांनी हाडाची काडं करून घेतलेलं घर, प्रॉपर्टी टॅक्स मी भरते, आणि बाहेरची मीच. मी म्हटलं, शब्द मागे घे. तो तयार होईना. दिलेलं रक्षण काढून घेऊ नये म्हणे, काय ठाऊक त्या सिलिंडरचा भडका अजून झाला नाही तो त्याच्यामुळेच असेल. मी म्हटलं, खाली कदम भाऊजी अंथरुणात पडलेत, त्यांचं रक्षण कोण करणार, तुझा बाप? आमचा बाप एकच, हे रागात लक्षात राहिलं नाही.

शेवटी आला. सचिन आम्हाला आत घेणार नाही म्हणून दारासमोर, जिन्याच्या चौकावरच नारळ ठेवला. ह्या वेळी शब्द तोलून बोलला. आतल्यांचो सांभाळ आता पुरे, ह्या सगळ्या बिल्डिंगीतल्या लेकराबाळांक सांभाळ, आणि जा काय आसा ता उघड्यार आण रे म्हाराजा. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. कदम वहिनी वर येऊन उभ्या होत्या, त्यांनी माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटलं.

आवाज ऐकून पूजाने दार उघडलं. आणि तिच्या खांद्यावरून मला माझं किचन दिसलं. ओट्यापासून खिडकीपर्यंत लाल सिलिंडर, एकावर एक. मधे वजनकाटा, पितळी नोझलचा पाईप, छोट्या टाक्यांचा ढीग. पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी किंचाळल्या. पूजाला मात्र आम्ही का दचकलो तेच कळेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही तर बघितलंय की."

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले, माल जप्त झाला, दोघांना नेलं. बिल्डिंग वाचली. वहिनींनी साखर वाटली. आणि दोन दिवसांनी मलाही बोलावणं आलं. सचिनने जबाबात सांगितलं की मालकीणबाईंना सगळं माहीत होतं, त्या दोनदा येऊन बघून गेल्या. तो खोटं बोलला नाही, त्याला जे दिसलं तेच त्याने सांगितलं. हवालदार म्हणाले, मी त्या पत्त्यावर गेलोच नव्हतो. माझा मोबाईल घेतला. त्यात तो फोटो होता, मी वहिनींना पाठवलेला. आता त्यात सगळं दिसतं. सिलिंडर, काटा, पाईप, स्वच्छ, एकदम फोकसमध्ये. आणि खाली माझंच वाक्य, बघा, काही नाहीये.

वहिनींच्या मोबाईलवरही तसंच. त्या मला म्हणाल्या, "तेव्हा नव्हतं हो ताई, देवाशप्पथ नव्हतं." पण कोर्टात हे बोलायची त्यांची तयारी नाही, आणि त्यांना दोष तरी कुठल्या तोंडाने देऊ. माझे वकील म्हणतात, दिसलं नाही असं चुकूनही म्हणू नका, भाडेकरूला घाबरले म्हणा. म्हणजे खरं बोलले तर वेडी, आणि खोटं बोलले तर सुटले. ॲग्रीमेंट, पोलीस, सोसायटी, सगळ्या पावत्या माझ्याकडे आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

मला जामीन मिळालाय. फ्लॅटला सील आहे. दादा म्हणतो, जागेवाल्याचं चुकलं नाही. मी विचारते, मग चुकलं कुणाचं? तो विषय बदलतो. डोळे तपासले, डोकं तपासलं, सगळं नॉर्मल. मी क्लेम खात्यातली बाई, कारण शोधण्यात हयात गेली, आणि ह्या एका गोष्टीचं कारण मला आजही सापडत नाही.

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात पूजा भेटली. तिलाही जामीन मिळालाय, सचिन अजून आत आहे. हातात बांगड्या नाहीत, पोट दिसायला लागलंय. मला वाटलं शिव्या घालेल. माझ्या शेजारी बाकावर बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही आलात ना ताई, तेव्हा ते खूप घाबरले होते. रात्री म्हणाले, मालकीण ओरडली असती तर उद्यापासून बंदच करणार होतो. मी तर तुम्ही किचनमध्ये होता तेव्हाच देवाला म्हटलं होतं, ओरडू देत. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मग तिने मला विचारलं, "का नाही ओरडलात?"

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला, म्हणून मी उठले.