नवरीचा तिरपा टाइप

माझ्या उंब्रजच्या मामांइतका पक्षपाती माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. हा पक्षपात सख्ख्या भाच्यांसाठी असता तर आमचं भलं झालं असतं, पण तो होता त्यांच्या छापखान्यातल्या एका टाइपासाठी. ठळक, पुढे झुकलेली, टोकाटोकांना नाजूक पावलं फुटलेली ती इंग्रजी अक्षरं त्यांनी सांगलीच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणली होती. एरवी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांवर खुशाल चहाचा कप ठेवणारे मामा या खणाला मात्र हात धुऊन शिवायचे. "बघ, पायात जोडवी घालून निघाल्यागत हाय," म्हणत एकेक शिशाचा खिळा मला दाखवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं, त्यामुळे मला काही कळायचं नाही, तरी मी मान हलवायची.

तेव्हा, नव्वदच्या दशकात, लग्नपत्रिकेची एक बाजू इंग्रजीत छापायची टूम निघाली होती. मामांचा नियम एकच, तिरपा ठळक टाइप फक्त नवरीच्या नावाला. एकदा एका नवऱ्या मुलाचे वडील, निवृत्त सुभेदार, अडून बसले. "आवं, माझं नाव तसं पायजे. फौजेत व्हतो मी!" मामा शांतपणे म्हणाले, "मग तर सरळच उभं ऱ्हावा की." सुभेदार आधी तापले, मग खो खो हसले आणि धाकट्याची पत्रिकाही इथूनच छापून घेऊन गेले. या नियमाचं मूळ मला मामीने सांगितलं. त्या दोघांच्या पत्रिकेत काका, आत्या, अगदी आहेराची सूचनासुद्धा ठळक होती आणि मामीचं नाव मुंगीएवढं. "माज्या म्हायेरच्यांनी चष्मा लावून हुडकलं मला," ती म्हणायची, आणि मामा उगाच खिळे पुसत बसायचे.

माझं लग्न ठरलं तोवर गावोगाव संगणक आले होते. माझं शारदा हे नाव इंग्रजीत लिहायला तीन 'ए' लागतात आणि मामांकडे धड दोनच उरले होते, बाकीचे झिजून सपाट. मामा दोनदा सांगलीला जाऊन आले, पण तिथले खिळे केव्हाच मोडीत निघाले होते. मलाही माझं नाव त्याच टाइपात हवं होतं, लहानपणापासून. पण त्यांची वणवण बघवेना, म्हणून म्हटलं, "मामा, राहू द्या. कराडला संगणकावर करून घेऊ." ते फणकाऱ्याने उठून छापखान्यात गेले. पुढच्या आठवड्यात मात्र गठ्ठा घेऊन दारात हजर. "गावला गं, तिसरा 'ए' गावला!" लाल शाईत माझं नाव झोकात निघालं होतं. लग्नात अक्षता टाकताना मामांचं बोट लाल दिसलं, पण छापखानेवाल्याच्या बोटाकडे कोण लक्ष देतं?

मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा कपाट आवरताना ती पत्रिका हाती आली. छापलेली अक्षरं अजून कुंकवासारखी लाल आहेत. शेवटचा 'ए' तेवढा विटून फिका गुलाबी झालाय, आणि त्याच्या पावलापाशी पेनाचं टोक टेकल्याची खूण आहे. तो हाताने काढलेला आहे.

चारशे पत्रिका वाटल्या होत्या आम्ही.